कातडे कमावणारे आणि नाव कमावणारे

मराठी समीक्षेला ज्या काही शब्दांनी विचार करण्याच्या कष्टांतून मुक्त केले, त्यांत ‘चंगळवाद’ या शब्दाला अग्रस्थान द्यावे लागेल. जागतिकीकरणावरील कोणताही परिसंवाद घ्या, ग्रामीण साहित्यावरील कोणतेही बीजभाषण घ्या, एम.ए.च्या उत्तरपत्रिकांचा कोणताही गठ्ठा घ्या. हा शब्द येतो, माना डोलतात, आणि पुढचा प्रश्न विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही. प्रस्तुत लेख या शब्दाविरुद्ध आहे. निमित्त मात्र एका पर्सचे आहे.

आम्ही जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मराठी शिकवणारी प्राध्यापक मंडळी. एम.ए.च्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी एके दिवशी खांद्याला नवी पर्स लावून वर्गात आली. पर्सवर एका फ्रेंच कंपनीची जगप्रसिद्ध आद्याक्षरे होती. ठळक, सोनेरी आणि किंचित वाकडी. मूळ वस्तूची किंमत लाखात असते हे आम्हांला ऐकून ठाऊक होते आणि ही वस्तू ती नव्हे हे पाहताक्षणी कळत होते. स्टाफरूममध्ये त्यावर विनोद झाला. फीमाफीचा अर्ज एका हातात आणि पॅरिसची पर्स दुसऱ्या हातात, असा त्याचा आशय. ‘चंगळवाद आता वाड्यावस्त्यांपर्यंत पोचला’ असा त्याचा समारोप. आम्ही हसलो. पुढे आमच्यापैकी एकीने त्या मुलीला सहज विचारले, तेव्हा ती संकोचून म्हणाली, “मॅडम, साडेचारशेला घेतली, मंचरच्या बाजारात. आईनं हिरड्याच्या पैशातनं दिले.”

या उत्तरातील ‘हिरडा’ हा शब्द आम्ही ऐकला आणि सोडून दिला. साहित्याच्या शिक्षकाने शब्द असा सोडून देणे हा खरे तर अपराध आहे. तो शब्द काय सांगत होता हे कळायला आम्हांला पुष्कळ वेळ लागला, आणि कळल्यावर स्टाफरूममधील ते हसणे पचेनासे झाले. म्हणून हा लेख.

प्रथम एक जुनी गोष्ट. चैनीविरुद्धची तक्रार नवी नाही, आणि तिचा एक फार जुना धागा आमच्याच तालुक्यातून जातो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक महाग्रंथात असा हिशेब मांडला की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी साम्राज्यातून दहा कोटी सेस्टर्स ओढून नेतात. त्याचे खापर त्याने रोमनांच्या चैनीवर आणि त्यांच्या स्त्रियांवर फोडले. ज्या वस्तूंसाठी रोमचे सोने बाहेर जात होते त्यांपैकी काही घाटमाथ्यावरून नाणेघाटाने उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जात, आणि त्या वाटेवरचे मोठे ठाणे म्हणजे जुन्नर. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या ज्या उद्रेकात प्लिनीचा अंत झाला, त्याच उद्रेकात पॉम्पेई शहर गाडले गेले. तेथे १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. आपल्या तेर आणि भोकरदन येथे सापडलेल्या मूर्तींशी तिचे जवळचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. म्हणजे त्या काळची ‘डिझायनर’ वस्तू आपल्याकडची होती आणि चंगळवादाची ओरड रोममध्ये चालू होती.

प्लिनीच्या हिशेबात विकत घेणारी स्त्री आहे, जाणारे सोने आहे. हस्तिदंत कोरणारा नाही. दोन हजार वर्षांनी आम्ही स्टाफरूममध्ये केलेला हिशेब नेमका याच नमुन्याचा होता. याउलट त्याच काळाच्या आगेमागे जुन्नरच्या लेण्यांत कोरलेले लेख पाहावेत. तेथे दान देणाऱ्या यवनांची नावे आहेत, तशाच धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींच्या नोंदीही आहेत. टोपल्या विणणाऱ्यांच्या संघटनेला आपले नाव दगडावर कोरून घेता येत होते. वस्तूवर किंवा दगडावर कोणाचे नाव राहते आणि कोणाचे पुसले जाते, हा प्रश्न आमच्या तालुक्याला परका नाही.

आता पिशवीकडे येऊ. मराठीत पिशवीचे गोत्र मोठे आहे. झोळी, थैली, पडशी, चंची, बटवा, कसा. यांतील प्रत्येक शब्दाला मालक आहे. झोळी संन्याशाची, पडशी वाटसरूची, चंची पानसुपारीवाल्याची, कसा सावकाराच्या कमरेचा आणि बटवा आजीबाईचा. पिशवी पाहून माणूस ओळखावा ही चिन्हव्यवस्था फ्रेंच कंपन्यांनी आपल्याला शिकवलेली नाही. या गोत्रात शबनम पिशवी सर्वांत उशिरा आली आणि मराठी साहित्यव्यवहारात सर्वांत प्रतिष्ठित ठरली. एक काळ असा होता की खांद्याला शबनम नसेल तर कवीचे कवीपण सिद्ध होत नसे. आमच्यापैकी काहींनीही ती मिरवली आहे. तिच्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते, परंतु ‘मी बाजारातला नाही’ ही घोषणा तिच्यावर अदृश्य शाईने छापलेली होती आणि ती सर्वांना वाचता येत होती. तिला कोणी चंगळवाद म्हटले नाही. साधेपणा मिरवण्याची ऐपत ज्याच्या घरी आधीपासून संपन्नता किंवा निदान प्रतिष्ठा असते त्यालाच असते. ज्याच्यावर साधेपणा पिढ्यान् पिढ्या लादला गेला, त्याला तो मिरवून काहीही मिळत नाही. बाबासाहेबांच्या सूटबुटाचा अर्थ ज्या महाराष्ट्राला उमगला, त्याला हे पुन्हा सांगावे लागू नये. तरीही आमच्या समीक्षेला ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

पर्सच्या आकर्षणाचा विचारही गंभीरपणे व्हायला हवा. आमच्या आयांच्या पिढीजवळ पैसे ठेवण्याच्या जागा कोणत्या होत्या? कनवट, पदराची गाठ, चोळीची घडी, मीठमिरचीचा डबा. लुगड्याला खिसा नाही. सदऱ्याला, कोपरीला, बंडीला खिसा आहे. बाईचा पैसा अंगाशी गाठ मारून किंवा डब्यात दडवून ठेवायचा, म्हणजे तो सापडला तर चोरीसारखाच सापडायचा. पर्स ही चेन असलेली, बंद होणारी, आणि विचारल्याशिवाय दुसऱ्याने उघडू नये असा संकेत असलेली बाईची पहिली जागा आहे. घरात स्वतःची खोली नसलेल्या, टेबल नसलेल्या मुलीला तिचे आकर्षण वाटले तर त्यात नवल नाही. त्या जागेला दार चांगले असावे, चारचौघांत ते दार उठून दिसावे, असे वाटण्यात तर मुळीच नाही.

आणि नावाचे काय? महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा वाटा दिला. पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या आमच्या गावांत जमिनीला सोन्याचे मोल आल्यावर त्या कायद्याचे काय होते, हे येथील प्रत्येक घराला माहीत आहे. लग्न झालेल्या बहिणीला तालुक्याला बोलावतात, हक्कसोडपत्रावर सही घेतात, साडीचोळी करतात आणि परत पाठवतात. सातबाऱ्यावरून तिचे नाव निघते. ज्या सहीने आपले नाव खोडले जाते अशी सही करण्याचा अनुभव ज्या समाजात बायकांना सर्रास येतो, तेथील मुलगी दुसऱ्या कोणाचे सोनेरी नाव खांद्यावर वागवते. यात विसंगती आहे हे आम्ही मान्य करतो. परंतु ही विसंगती तिची नाही. नावाला वस्तूपेक्षा अधिक किंमत असते हे तिला बाजाराच्या आधी घराने, जातीने आणि आम्ही शिकवले आहे. गुणपत्रिकेवरील विद्यापीठाचे नाव, संग्रहाला मोठ्या लेखकाची प्रस्तावना, प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत विचारले जाणारे आडनाव. ही सर्व लेबलेच आहेत, आणि त्यांचा व्यवहार आम्ही करतो.

तेव्हा डिझायनर पर्सचा अर्थ लावताना ‘नाव’ हा शब्द मध्यभागी ठेवला पाहिजे. या धंद्यात जे विकले जाते ते नाव. आज सर्वांत प्रसिद्ध असलेल्या पर्सची जन्मकथाच पाहा. १९८४ साली पॅरिसहून लंडनला जाणाऱ्या विमानात जेन बर्किन या इंग्रज अभिनेत्री-गायिकेच्या शेजारी एर्मेस कंपनीचे प्रमुख जाँ-लुई द्युमा बसले होते. बर्किन तोवर वेताची टोपली घेऊन हिंडण्यासाठी प्रसिद्ध होती. लहान मुलाच्या आईला पुरेल अशी चांगली पर्स मिळत नाही, अशी तिची तक्रार. त्या बोलण्यातून ‘बर्किन’ जन्मली. तिच्यासाठी तयार केलेली पहिली पर्स १० जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली. वापरून झिजलेली, डागाळलेली पर्स. किंमत आली ती एका बाईने रोज वापरल्याच्या खुणांना आणि तिच्या नावाला. वेताच्या टोपलीचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही, कारण टोपली विणणाऱ्याचे नाव टोपलीवर नसते.

एर्मेसच्या कारखान्यात एक कारागीर एक पर्स आरंभापासून शेवटपर्यंत शिवतो आणि आत कोठेतरी आपली खूण उमटवतो, असे कौतुकाने सांगितले जाते. कौशल्य खरेच मोठे आहे. मेणवलेल्या धाग्याने दोन सुया दोन बाजूंनी ओवत घातलेली खोगिराची ती शिवण, एक टाका तुटला तरी उसवत नाही. असे काम पाहून हात जोडावेत. परंतु खूण आत असते आणि नाव बाहेर. शिवाय या धंद्यातील सर्वच कारागिरांच्या वाट्याला तेवढीही खूण येत नाही. जून २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने दिओर कंपनीच्या इटलीतील एका उपकंपनीवर न्यायालयीन प्रशासक नेमला. (फेब्रुवारी २०२५ मध्ये ही देखरेख मुदतीपूर्वी उठवण्यात आली.) त्या चौकशीत पुढे आलेला आकडा मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावा असा आहे. दुकानात २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या एका पर्सच्या जोडणीसाठी पुरवठादाराला मिळत होते ५३ युरो, चामड्याचा खर्च सोडून. ती जोडणी करणारे मिलानच्या आसपासच्या पोटकंत्राटी कार्यशाळांतील कामगार होते. म्हणजे ‘मेड इन इटली’ या तीन शब्दांमागेही एक बलुतेदारी आहे.

बलुतेदारी हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. मराठीत कातडे ‘कमावतात’. पैसाही कमावतात आणि नावही कमावतात. क्रियापद एकच, परंतु पहिले करणाऱ्याच्या वाट्याला दुसरे आणि तिसरे येऊ नये अशी व्यवस्था आपल्याकडे शतकानुशतके राहिली. कच्चे कातडे कुजते. ते चुन्यात भिजवायचे, केस आणि मांस खरवडून काढायचे, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात दिवसेंदिवस ठेवायचे, तेव्हा ते कुजायचे थांबते आणि टिकाऊ होते. या कामाला वास येतो. गावाने त्या वासाला जातीचे नाव दिले आणि काम करणाऱ्याला वेशीबाहेर ठेवले. कमावलेले कातडे मात्र गावात आले.

आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत या दोन्ही तालुक्यांतील सर्वांत मोठी चामडी पिशवी म्हणजे मोट. कुकडीचे कालवे आणि विजेचे पंप येण्यापूर्वी येथील बागायत मोटेवर उभी होती. ढोरांनी कातडे कमावायचे, चांभारांनी मोट शिवायची, फाटली की पुन्हा सांधायची आणि सुगीला खळ्यावर बलुते मागायला उभे राहायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. बलुत्याच्या व्यवस्थेचे वर्णन त्यात वाचता येते, आणि त्यातील प्रस्थापित दृष्टीही वाचता येते. आम्ही वर्गात सावता माळ्याचा अभंग शिकवतो. मोटेपाशी आलो की ‘विहिरीतून पाणी काढण्याचे साधन’ असा शब्दार्थ सांगतो आणि भक्तीकडे वळतो. ती मोट कोणी शिवली असा प्रश्न वर्गात आम्ही कधी विचारला नाही. विद्यार्थ्यांनीही विचारला नाही, कारण प्रश्न कोठे थांबवायचे हे ते आमच्याकडूनच शिकतात.

आता हिरडा. भीमाशंकरपासून नाणेघाटापर्यंतच्या डोंगरपट्ट्यात, आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम भागातील महादेव कोळी कुटुंबांच्या हाती रोख पैसा देणारे जे मोजके वनोपज आहे, त्यांत हिरड्याचे स्थान मोठे आहे. झाडावर चढून तो झोडायचा, वेचायचा, वाळवायचा, पोत्यात भरायचा आणि व्यापारी सांगेल तो भाव ऐकायचा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातील हिरड्याची झाडे मोठ्या प्रमाणावर पडली, तेव्हा भरपाईसाठी लोकांना झगडावे लागले. फळबागेसारखी ही झाडे कोणी लावलेली नसतात. कोवळा बाळहिरडा औषधाकडे जातो. पिकलेल्या फळातील टॅनिन कातडे कमावण्याच्या कामी येते. इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरातून हिरडा इंग्लंडच्या चर्मोद्योगाकडे मोठ्या प्रमाणावर जात असे. व्यापारी त्याच्या प्रती ठरवत आणि त्या प्रतींना जबलपूर, वेंगुर्ला अशा गावांवरून नावे पडली. गावाचे नाव मालावर गेले, वेचणाऱ्याचे गेले नाही.

आमच्या विद्यार्थिनीने सांगितलेले एवढेसे वाक्य या सर्व इतिहासाकडे बोट दाखवत होते. तिची आई चामड्याच्या जगातील अगदी पहिल्या पायरीवर उभी आहे, जेथून झाडाची साल आणि फळे येतात. तिच्या मुलीने त्याच जगाच्या शेवटच्या पायरीवरील वस्तूची नक्कल विकत घेतली, तीही रेक्झिनची. मधल्या पायऱ्यांवर कोणी किती कमावले याचा हिशेब न मागता आम्ही थेट त्या मुलीला चंगळवादी ठरवले.

आपल्याकडील ताजे उदाहरण पर्सचे नाही, चपलेचे आहे. परंतु प्रश्न तोच. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन-प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी वळणाच्या चपला मांडल्या आणि त्यांना नुसते ‘लेदर सँडल’ म्हटले. कोल्हापुरीला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले होते, महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी. महाराष्ट्रात संताप उसळला, प्राडाला मूळ मान्य करावे लागले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २,००० जोड येथील कारागिरांकडून करून घ्यायचे आणि सुमारे ८०० युरोंना एक या भावाने विकायचे, असे त्या वेळी जाहीर झाले. झाले ते चांगले झाले. परंतु त्या संतापाचे स्वरूप आठवून पाहावे. ‘आमची कोल्हापुरी’ चोरली, महाराष्ट्राची अस्मिता चोरली, असे सर्व थरांतून म्हटले गेले. जे चपला शिवतात, ज्यांच्या शिवलेल्या चपला पायात घालून लोक देवळात गेले आणि शिवणाऱ्यांना बाहेर ठेवले, त्यांच्याविषयीचा ‘आमची’ हा सर्वनामाचा प्रयोग एकाएकी कोठून आला? प्राडाने कारागिराचे नाव घेतले नाही हे खरे. आपणही त्याच्या नावाऐवजी जिल्ह्याचेच नाव घेत आलो आहोत. हिरड्याच्या प्रतींचीच ही रीत.

या रीतीला उलटवणारा एक प्रयोग मुंबईत झाला आहे आणि तो नेमका पर्सचा आहे. महाराष्ट्रात २०१५ साली बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली आणि धारावीतील चामड्याच्या कारागिरांची कामे संकटात सापडली. सुधीर राजभर या चित्रकाराने त्यांना बरोबर घेऊन पुनर्वापरातील रबरापासून पर्स आणि पिशव्या करायला घेतल्या, आणि त्या उपक्रमाला नाव दिले ‘चमार स्टुडिओ’. जो शब्द अपमानाच्या हेतूने उच्चारला तर गुन्हा ठरतो असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले, तोच शब्द येथे लेबल म्हणून आला. ज्याला ही पर्स मिरवायची आहे त्याला तो शब्द चारचौघांत वागवावा लागतो. येथेही वस्तू महागच आहे, ती घेणारा वर्ग कोणता हे उघड आहे, आणि फॅशनचे जग कोणताही विद्रोह पचवून ढेकर देऊ शकते, या शंका आम्हांलाही आहेत. तरीही एवढे खरे की आतली खूण येथे बाहेर आली. दलित आत्मकथनांनी मराठी गद्यात जे केले त्याच्याशी याचे नाते आहे: ज्या नावाने हाक मारून हिणवले, तेच नाव मुखपृष्ठावर.

यावर आमचे सहकारी काय म्हणतील याची आम्हांला कल्पना आहे. पहिला आक्षेप असा की आम्ही नकली मालाचे समर्थन करतो. तसे नाही. दुसऱ्याचे व्यापारचिन्ह लावून माल विकणे हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि असावा. शिवाय नकली पर्सही कोणीतरी शिवलेलीच असते. बंद खोलीत, नगावर मजुरी घेऊन, आणि तिच्यावर तर त्याची खूण आतही नसते. म्हणूनच ‘फर्स्ट कॉपी’ स्वस्त मिळते याचा आनंद आम्हांला नाही. दुसरा आक्षेप असा की उपभोगाची लालसा हा खरा प्रश्न आहे आणि आम्ही तो टाळतो. लालसा आहेच. परंतु लालसेवर बोलण्याचा क्रम असा का, की साडेचारशे रुपयांची पर्स घेणारी मुलगी आधी आणि जमिनीचे तुकडे विकून लग्नात गाड्या देणारे नंतर, किंवा कधीच नाही? पाहुण्यांच्या सत्काराला आमच्याच संस्थांतून ज्या शाली आणि स्मृतिचिन्हे येतात त्यांना चंगळ म्हणण्याचे धैर्य कोणी दाखवलेले आम्ही पाहिले नाही. चंगळवाद हा शब्द वरून खालीच का वाहतो, याचे उत्तर तो वापरणाऱ्याने द्यावे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे सर्व अर्थशास्त्र झाले, समाजशास्त्र झाले. यात साहित्याच्या अभ्यासकाचे काम काय? आमचे उत्तर असे की हे मुळात आमचेच काम आहे. स्वाक्षरी, मूळ आणि नक्कल, नामनिर्देश, श्रेय, अनामिकता हे सर्व आमच्या विषयाचे शब्द आहेत. एखादी ओवी कोणा बाईची आहे हे नोंदले गेले नाही म्हणून आपण हळहळतो; तीच बाई वेचते तो हिरडा मात्र आपल्याला निनावी चालतो. व्हेब्लेनने १८९९ साली प्रतिष्ठेसाठी केलेल्या उपभोगाचा सिद्धांत मांडला, बार्थने १९५७ साली रोजच्या वस्तूंतील मिथके उलगडली. दोघांनाही आम्ही वर्गात आदराने शिकवतो. परंतु त्यांची वाचने आमच्या हातांत वस्तू मिरवणाऱ्यापाशीच संपतात. तिच्या शिवणीपर्यंत जायचे तर मोट, चांभारवाडा, हिरड्याचे पोते, सातबारा हे शब्द लागतात, आणि ते आमच्या विद्यार्थ्यांना आमच्यापेक्षा चांगले येतात.

म्हणून आमचा प्रस्ताव अगदी व्यावहारिक आहे. यापुढे आमच्या विभागांत ‘चंगळवाद’ हा शब्द असलेल्या उत्तराला आम्ही एक उपप्रश्न जोडणार आहोत: ती वस्तू कोणी केली, त्याला काय मिळाले आणि तिच्यावर नाव कोणाचे आहे? यांपैकी एकाचेही उत्तर विद्यार्थ्याला देता येत नसेल, तर तो शब्द खोडावा. हाच नियम परिसंवादांतील वक्त्यांनाही लावावा असे आम्हांला वाटते. पण तेथे गुण देणे आमच्या हातात नाही.

त्या मुलीच्या पर्सचा पट्टा चार महिन्यांत तुटला. तिने ती टाकली नाही. बसस्थानकाजवळ रस्त्याच्या कडेला आरी आणि दोरा घेऊन बसणाऱ्या कारागिराकडून तीस रुपयांत तो पुन्हा शिवून घेतला. हे सांगताना तिने त्यांचा नावाने उल्लेख केला, पुढे ‘मामा’ लावून. आम्ही पंधरा वर्षे त्यांच्या समोरून कॉलेजला जातो, दोन-चारदा चपलाही शिवून घेतल्या आहेत. ते नाव आम्ही तिच्याकडून प्रथम ऐकले.